अण्णांचा दुसरा चहा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी बेचाळीस वर्षांचा, निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वडील सातवी शिकलेले, पण वाडीत कुणाचं काही अडलं की माणसं आमच्या ओट्यावर यायची. अण्णा सुपारी कातरत ऐकायचे. फार बोलायचे नाहीत, ‘बरं, घरात काय म्हणतात?’ एवढं हमखास विचारायचे. चहा व्हायचा, माणूस उठून जायचा. महिना-दोन महिन्यांनी अण्णा त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन यायचे. पाच वर्षांपूर्वी ते गेले आणि माणसं माझ्याकडे येऊ लागली. धाकट्या चुलतभावाने विचारलं, कांदा सोडून द्राक्षबाग लावू का? मी महिनाभर वाचलं, व्हिडिओ पाहिले, वहीत हिशोब मांडला आणि ‘लाव’ म्हणालो. पहिल्या मालाचे मणी अवकाळीने तडकले. दुसऱ्या वर्षी व्यापारी माल घेऊन गेला आणि पैसे बुडवून पसार झाला. यंदा भावाने बागेला कुऱ्हाड लावली. काकू माझ्याशी बोलत नाहीत. मी एम.ए., बी.एड. आहे. अण्णांकडे असं काय होतं, जे माझ्याकडे नाही? शहाणपण म्हणजे नेमकं काय, आणि ते येतं कुठून? दिवाळीत पुतणी लग्नाचं विचारायला येणार आहे. तिला काय सांगू?

सर, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून ‘सर’च म्हणते. तुमच्या वाडीतही तुम्हाला हीच हाक असणार.

तुम्ही एका पारड्यात अण्णांची सातवी ठेवलीत आणि दुसऱ्यात तुमची एम.ए., बी.एड. आपल्या भाषेने मात्र या दोन गोष्टी कधी एका तराजूत घातल्या नाहीत. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगणारा समास लिहिला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून पढतमूर्खांसाठी वेगळा समास लिहिला. शिकलेल्या माणसाचं चुकणं त्यांना निराळं वाटलं. पण हे वाचून तुमची वही आणि ते व्हिडिओ चुलीत घालू नका. तुम्ही महिनाभर अभ्यास केलात, ही त्या सगळ्या प्रकरणातली चांगली बाजू आहे. भावाच्या पोटाची तुम्हाला काळजी होती म्हणून केलात.

‘शहाणा’ हा शब्द मराठी माणूस कसा वापरतो, ते एकदा ऐका. मुकाट्याने जेवणारं बाळ शहाणं. उलट बोलणारा पोरगा ‘फार शहाणा झाला’. त्याच्यापुढे दीडशहाणा, आणि अतिशहाण्याचा तर बैलही रिकामा. पण ज्याच्या ओट्यावर रात्री जाऊन बसावं, ज्याच्यापुढे घरची झाकली मूठ उघडावी, अशा माणसाला आपण ‘पोक्त’ म्हणतो. फारसीतल्या ‘पुख्ता’वरून तो शब्द आला: शिजलेला, पिकलेला. मला हा शब्द फार खरा वाटतो. शिजायला आच लागते, वेळ लागतो, आणि मधून मधून झाकण उघडून पाहावं लागतं. या झाकण उघडण्याबद्दलच मला पुढे बोलायचं आहे.

पेशवाईत साडेतीन शहाणे होते, हे तुम्ही वर्गात शिकवलं असेल. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडचा विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे. नानांना तलवारीचं अंग नव्हतं म्हणून अर्धे, असं सांगतात. या मोजणीतलं शहाणपण डावपेचांचं होतं. विठ्ठल सुंदर 1763 मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत पडला, सखारामबापू कैदेत गेले. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्यात ही माणसं तरबेज होती. तुमच्या अण्णांचं शहाणपण या जातीचं नव्हतं, आणि तुम्हाला हवं आहे तेही हे नव्हे.

पण त्या अर्ध्या शहाण्याची एक गोष्ट मला मोलाची वाटते. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी नाना एकोणीस वर्षांचेही नव्हते. आई बरोबर होती, ती परत आली नाही. नाना जीव वाचवून आले. पुढे त्यांनी ते पळणं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं, आणि त्याच लिखाणात तरुणपणीच्या स्वतःच्या उणिवाही मोकळेपणी मांडल्या. ज्या ठिकाणी माणूस हरला, घाबरला, तिथे तो मनाने परत गेला आणि काय घडलं ते पाहिलं. नानांच्या पुढच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, हे परत जाणं फार थोड्यांना जमतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, शहाणपण येतं कुठून. आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं: वयाने, अनुभवाने. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.’ जर्मनीत बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पाउल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 नंतरच्या दशकांत शहाणपणाचाच अभ्यास केला. ते लोकांपुढे आयुष्यातला एखादा पेच ठेवत आणि मोठ्याने विचार करायला सांगत. मग त्या बोलण्यात काय आहे ते पाहत: माणसांची आणि जगाची माहिती आहे का, एखादी गोष्ट कशी करायची याची जाण आहे का, माणसाची परिस्थिती लक्षात घेतली का, दुसऱ्याची मूल्यं वेगळी असू शकतात हे धरलं का, आणि पुढचं सगळं आपल्याला कळत नाही हे मान्य केलं का. त्यांना असं दिसलं की पोरवयातून पंचविशीपर्यंत माणूस यात वाढतो, पण त्यानंतर नुसतं वय वाढलं म्हणून शहाणपण वाढत नाही. तिशीतला आणि सत्तरीतला माणूस इथे सरासरीने जवळपास सारखेच. म्हणजे पावसाळे मोजून भागत नाही.

त्यांचा एक पेच असा होता: पंधरा वर्षांची मुलगी म्हणते, मला आत्ताच लग्न करायचं आहे. काय विचार करावा? झटकन ‘छे, पंधरा हे काय वय आहे?’ म्हणून मोकळं होणाऱ्याला कमी गुण मिळत. जो थांबून तिची परिस्थिती विचारात घेई, तिला कुणी आहे का, ती आजारी आहे का, कुठल्या समाजातली आहे, त्याला जास्त. हे वाचताना मला बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुली आठवल्या. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला. आईबाप सहा महिने कारखान्यावर जातात तेव्हा वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचं लग्न लावून देतात. ‘अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे’ हे उत्तर शंभर टक्के बरोबर, मी त्यातून तसूभरही मागे हटणार नाही. पण त्यापुढे ‘मग हे सहा महिने ती राहील कुठे, तिच्या शाळेचं काय?’ हे विचारणारा माणूस त्या मुलीचं लग्न टाळू शकतो. नुसतं पहिलं वाक्य बोलणारा ते फक्त लपूनछपून व्हायला लावतो. अण्णांचं ‘घरात काय म्हणतात?’ हे या दुसऱ्या प्रश्नाच्या कुळातलं आहे.

वयासारखाच अनुभवाचाही भरवसा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, न्यूयॉर्कमधल्या एका नावाजलेल्या डॉक्टरची गोष्ट सांगतात. वॉर्डात फिरताना ते रोग्यांच्या जिभा बोटांनी चाचपून पाहत आणि कुणाला विषमज्वर होणार ते आधीच सांगत. थोड्या दिवसांत त्या रोग्याला खरोखरच ताप येई. त्यांचा दरारा वाढत गेला. पण एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर तो रोग त्यांच्याच बोटांनी नेला होता. दरवेळी ते खरे ठरत, आणि प्रत्येक अनुभवाने त्यांची चूक पक्की होत गेली. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रात्री झोप लागली नाही, कारण सल्ला देणाऱ्या प्रत्येकाची ही गोष्ट आहे. हवामानखात्यातल्या माणसाने उद्या पाऊस म्हटलं तर उद्याच त्याला कळतं की पडला की नाही. तो रोज चुकतो, रोज सुधारतो. आपण कुणाला ‘लग्न कर’, ‘नोकरी सोड’, ‘बाग लाव’ म्हणतो, आणि त्याचं काय झालं ते पाच वर्षांनी कुणाच्या तरी तेराव्याला कानावर येतं. बऱ्याचदा येतच नाही. ज्याचं वाटोळं झालं तो आपल्या दारात फिरकत नाही. ज्याचं बरं झालं तो पेढे घेऊन येतो. मग आपल्याला वाटू लागतं की आपले सल्ले फार लागू पडतात.

माझं सांगते. वीस-एक वर्षांपूर्वी माझ्या एका धाकट्या मैत्रिणीच्या आईला कर्करोग निघाला. सांगावं की नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. मी अगदी ठामपणे म्हणाले, सांगू नकोस, शेवटचे महिने सुखात जाऊ देत. तिने ऐकलं. आई गेली. त्यानंतर मी आणखी चार-पाच घरांत हाच सल्ला दिला, आणि दरवेळी मला तो जास्तच बरोबर वाटत गेला. आठ वर्षांनी एका प्रवासात ती मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती. मी सहज विचारलं, तेव्हा केलं ते बरोबर वाटतं का गं? ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, आईला कळलं होतं. आम्हाला ठाऊक नाही असं समजून ती आमच्यापुढे नाटक करत होती आणि आम्ही तिच्यापुढे. तिच्या पाटल्या कुणाला द्यायच्या होत्या, माहेरच्या कुणाला एकदा भेटायचं होतं, ते राहूनच गेलं. त्या चार-पाच घरांत काय झालं, ते मी नंतर जाऊन विचारलं. दोन घरांनी सांगितलं, बरं झालं सांगितलं नाही. एका घरातून ‘पुन्हा येऊ नका’ असा निरोप मिळाला. तेव्हापासून हा प्रश्न आला की मी आधी एवढंच विचारते: त्यांनी स्वतः कधी काही विचारलं का?

म्हणून तुमच्या पत्रातलं जे वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, तिथे मी अडले. महिना-दोन महिन्यांनी अण्णा त्या घरी जाऊन चहा पिऊन यायचे. सर, तुम्हाला तो शिष्टाचार वाटला असेल. माझ्या मते अण्णांची शाळा तीच होती. ओट्यावरचा पहिला चहा समोरच्या माणसासाठी असायचा, आणि हा दुसरा त्यांच्या स्वतःसाठी. त्या घरात शिरताना म्हातारीचा चेहरा कसा आहे, गोठ्यात म्हैस अजून आहे की विकली, सुनेने पदर सावरत चहा आणला की आतूनच पाठवला, हे सगळं त्यांना दिसत असणार. आपलं बोलणं त्या घरात जाऊन काय झालं, ते ते पाहून येत. सातवीनंतरची चाळीस-पन्नास वर्षं ही शाळा चालली. तुमच्याकडे काय नाही असं विचारलंत, तर हे नाही. बुद्धी आहे, माया आहे, वाचन आहे. दुसरा चहा राहिला.

बागेकडे वळू. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले इगोर ग्रॉसमन आणि त्यांचे सहकारी इथन क्रॉस यांनी 2014 मध्ये एक गोष्ट दाखवली, जी आपल्याकडे ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ या म्हणीत आधीपासून आहे: जोडीदाराने फसवल्याचा पेच मित्राचा असेल तर माणसं पोक्तपणे विचार करतात, स्वतःचा असेल तर तीच माणसं तसा करत नाहीत. वयाने मोठी असलेली माणसंही याला अपवाद नव्हती. पण स्वतःकडे तिऱ्हाईत म्हणून पाहायला सांगितलं की हा फरक बराचसा मावळतो. तेव्हा एका रात्री वही घ्या आणि ‘मी’ न लिहिता ‘सरांनी भावाला बाग लावायला सांगितली’ असं लिहून काढा. शेजारच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाने ही हकीगत तुम्हाला सांगितली असती तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? अवकाळी तुमच्या वहीत नव्हती, पण ती कुणाच्याच हातात नव्हती. बुडव्या व्यापाऱ्याने निफाड-दिंडोरीतल्या जुन्या जाणत्या बागाईतदारांनाही रडवलं आहे. हे तुमच्या डोक्यावर घेऊ नका.

पण काही गोष्टी तुमच्या आहेत, आणि त्या मी झाकणार नाही. बागेला मांडव, तारा, ठिबक, रोपं यांत पैसा आधी जातो आणि पहिला माल हाती यायला दोन वर्षं लागतात. छाटणीपासून पुढे औषधांचा खर्च थांबत नाही. कांदा एका वर्षी बुडाला तर पुढच्या वर्षी पीक बदलता येतं, बागेत माणूस बांधला जातो. तेव्हा ‘बाग परवडेल का?’ याच्या आधी ‘एक वर्ष सगळं बुडालं तर भाऊ किती महिने तग धरेल?’ हे विचारायला हवं होतं. तुमच्या वहीत उत्पन्नाचं पान असणार, या प्रश्नाचं पान होतं का? आणि अण्णांचा तो प्रश्न, घरात काय म्हणतात? काकूंना कुणी विचारलं होतं का? त्यांनी उभ्या जन्मात कांद्याची किती वर्षं पाहिली असतील. मला वाटतं, त्यांचा राग बाग गेल्याचा थोडा आणि कुणी विचारलंच नाही याचा जास्त असेल. चुकत असेन तर मला सांगा.

दुसरं, पत्रात कुठेही असं नाही की मणी तडकले त्या दिवशी तुम्ही बागेत गेलात. मी पत्र उलटून पाहिलं. ‘मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही’ एवढं आहे. सल्ला चुकल्यावर घरी जायला पाय जड होतात, हे मी जाणते. त्यानंतर तुम्ही भावाच्या घरापासून लांब राहिलात आणि त्याला वाटलं, सरांनी हात झटकले.

पुतणीचं. तिला काय सांगू, असं विचारलंत. आत्तापासून उत्तर तयार ठेवू नका. बर्लिनच्याच त्या मंडळींनी 1996 मध्ये आणखी एक गोष्ट पाहिली: ओळखीच्या माणसाशी पेचाबद्दल बोलून नंतर थोडा वेळ एकट्याने विचार केला, की माणसाचं उत्तर बरंच पोक्त होतं. आणि समोर कुणी नसलं, तरी ज्यांना आपण मानतो ते याबद्दल काय म्हणाले असते याचा मनात विचार केला, तर जवळपास तेवढाच फायदा होतो. मला हे फार आवडलं, कारण गेलेली माणसं उपयोगाची राहतात असा त्याचा अर्थ होतो. पुतणी येईल तेव्हा तिला ओट्यावर बसवा, अण्णा बसायचे तिथे तुम्ही बसा, आणि ते काय विचारतील ते विचारा. सुपारी कातरायची सवय नसेल तर शेंगा सोलायला घ्या. हाताला काम असलं की तोंड कमी चालतं. मुलगा कसा आहे हे ती सांगेलच. तिला भीती कशाची वाटते, नाही म्हणायचं झालं तर ते कुणाला सांगणं सगळ्यात अवघड आहे, आणि तिच्या आईच्या मनात काय आहे, हे ती विचारल्याशिवाय सांगणार नाही. शेवटी ‘मला यातलं एवढंच कळतं, पुढचं नाही कळत’ असं म्हणायची वेळ आली तर तसं म्हणा. वाडीतला तुमचा मान याने कमी होणार नाही. लग्न ठरो की मोडो, पौषात एकदा तिच्या घरी जाऊन या.

त्याआधी काकूंकडे जा. दिवाळीच्या गर्दीत, फराळाचं ताट मधे ठेवून नको, वसुबारसेच्या आधी एखाद्या साध्या दिवशी संध्याकाळी. मोठी भेट नेऊ नका, ती भरपाई वाटेल. बागेचा हिशोब, हवामान, तो व्यापारी, यातलं काही काढू नका. ‘काकू, तुम्हाला तेव्हा विचारायला हवं होतं, माझं चुकलं’ एवढं एक वाक्य पुरे आहे. त्या बोलतील, ते सगळं ऐका. जुनं काढतील, अण्णांशी तुलना करतील, अण्णा असते तर असं झालं नसतं असंही म्हणतील. तेव्हा ‘हो काकू’ म्हणा. गप्प राहिल्या तर तुम्हीही थोडा वेळ गप्प बसा. चहा ठेवला नाही तर मनाला लावून घेऊ नका, तांब्याभर पाणी मागा. भाऊ घरात असेल तर त्याच्याबरोबर तोडलेल्या बागेच्या रानात एक चक्कर मारा आणि आता त्यात काय लावायचा त्याचा विचार आहे ते विचारा. तुमचं मत त्याने विचारलं तरच सांगा.

तुमचा पत्ता मी माझ्या वहीत लिहून ठेवला आहे. मार्गशीर्ष लागला की मी तुम्हाला पत्र टाकेन. काकू काय म्हणाल्या, पुतणीने काय ठरवलं, आणि माझ्या या उत्तरातलं काय चुकलं, ते मला कळवा.

तुमची,
ताई